एक ड्रायव्हर, दोन काटे: उपकरणाची नोंद कुठे ठेवायची?

१९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर एकाएकी निळा पडदा दाखवून बसले. विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यायची वेळ आली. नंतर कारण बाहेर आलं, ते अगदी किरकोळ होतं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरने मेमरीत २० मूल्यं मांडून ठेवली होती आणि नव्याने आलेला नियम एकविसावं मागत होता. ते तिथे नव्हतंच. सॉफ्टवेअर त्या नसलेल्या जागेवरून वाचायला गेलं आणि यंत्रच आडवं झालं.

मोबाइलवरचं एखादं ॲप बिघडलं तर ॲप बंद पडतं, फोन चालू राहतो. इथे सगळंच का पडलं? कारण ते सॉफ्टवेअर ड्रायव्हर म्हणून चालत होतं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात बसून. या गाभ्याला कर्नल म्हणतात. तिथे चूक झाली की सावरायला वर कुणी नसतं.

'ड्रायव्हर अपडेट करा' या पाटीपलीकडे आपला ड्रायव्हरशी फारसा संबंध येत नाही. पण तो आपल्या नोंदी कुठे ठेवतो, ही बाब दिसते त्यापेक्षा महत्त्वाची आहे. ती पद्धत सोपी करत आणायला कर्नलवाले लोक गेली वीसेक वर्षं खपतायत.

## ड्रायव्हर नेमकं करतो काय

लातूरच्या मार्केट यार्डातलं एखादं आडतीचं दुकान डोळ्यासमोर आणा. सोयाबीनचा कट्टा इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतो, लाल आकडे थरथरून स्थिर होतात आणि तेच वजन आत टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उमटतं. मधे एक केबल असते. काट्याच्या बाजूला तिचं टोक जुन्या धाटणीचं, नऊ पिनांचं. कॉम्प्युटरच्या बाजूला साधं यूएसबी. त्या यूएसबीच्या फुगीर टोकात एक चिप बसवलेली असते. स्वस्त केबलमध्ये बहुतेक वेळा सीएच-३४० या चिनी घराण्यातली.

कॉम्प्युटरला यूएसबी कळतं. पण या चिपला 'सेकंदाला ९६०० बिटच्या वेगाने बोल' हे कोणत्या आकड्यांत सांगायचं, हे त्याला ठाऊक नसतं. ज्याला ठाऊक असतं तो ड्रायव्हर. बस, एवढंच त्याचं काम: वरून आलेला हुकूम चिपच्या भाषेत खाली सांगायचा आणि चिप जे म्हणेल ते वर पोचवायचं.

पुढची उदाहरणं लिनक्सची देतोय, कारण त्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केलेला हा कर्नल आज तीन कोटी ओळींच्या पुढे गेलाय आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग ड्रायव्हरांचाच आहे. आपण लिनक्स वापरत नाही असं वाटत असेल तर हातातला अँड्रॉइड फोन बघा. त्याच्या आत तोच कर्नल आहे.

## 'खासगी' माहिती म्हणजे तुमची-आमची नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू. ड्रायव्हरची खासगी माहिती म्हणजे तुमचा आधार क्रमांक किंवा फोटो नाही. उपकरण सांभाळायला ड्रायव्हरला जे लक्षात ठेवावं लागतं, ते त्याचं खासगी. बाकीच्या कर्नलने त्यात नाक खुपसायचं नाही, म्हणून खासगी.

आपल्या काट्याच्या केबलपुरतं बोलायचं तर लिनक्समधल्या या चिपच्या ड्रायव्हरकडे प्रत्येक केबलसाठी एक छोटा साचा असतो. त्यात सध्या ठरलेला वेग, नियंत्रणाच्या तारांवरचा इशारा चालू आहे की बंद, बिटांची मांडणी कशी, आणि एक कुलूप. कर्नलमध्ये दोन कामं एकाच वेळी एकाच नोंदीवर तुटून पडू शकतात. ज्याच्या हातात कुलूप तोच लिहील, असा नियम असतो. सगळं मिळून मूठभर बाइट.

एवढ्याशा माहितीचा बाऊ कशाला? एक काटा असेल तर खरंच नको. दुसरा काटा जोडला की प्रश्न सुरू होतो.

## मुनीम एक, खाती अनेक

ड्रायव्हर कॉम्प्युटरमध्ये एकदाच भरला जातो. तशाच दोन केबली लावल्या तरी ड्रायव्हर तोच, उपकरणं दोन. आडतीवर मुनीम एक आणि माल घेऊन येणारे शेतकरी अनेक, तसंच हे.

आता समजा, मुनीम हिशेब डोक्यातच ठेवतो. 'आज आलेल्या मालाचं वजन', 'आज दिलेली उचल', एकेकच आकडा. एकच शेतकरी आला तोवर कुणाच्या लक्षात येणार नाही. दुसरा आला की पहिल्याची उचल दुसऱ्याच्या नावावर. जुन्या ड्रायव्हरांत हे सर्रास सापडायचं: ड्रायव्हरच्या सगळ्या कोडला मिळून एक सामाईक चल (व्हेरिएबल), म्हणजे आकडा ठेवायची एकच जागा. लिहिणाऱ्याने 'असं कार्ड कोण दोन लावणार' असं गृहीत धरलेलं असायचं. एक काटा ९६०० वेगाचा, दुसरा २४०० चा. दुसरा जोडला की नोंदीत २४०० आणि पहिल्याकडून येणाऱ्या वजनाचा नुसता कचरा.

त्यावरचा पुढचा उपाय म्हणजे यादी. मुनीम वहीच्या पहिल्या पानावर आठ-सोळा रकाने आखतो: कोणता शेतकरी, कितव्या पानावर. डोक्यात ठेवण्यापेक्षा बरं, पण रकाने संपतात. एखादा शेतकरी निघून गेला तर त्याचा रकाना पुसायचा राहतो आणि नव्या माणसाला जुन्याचं पान मिळतं. प्रत्येक व्यवहाराला यादी धुंडाळायची ती वेगळीच.

सरळ उपाय असा: शेतकऱ्याच्या हातातल्या चिठ्ठीवरच पान क्रमांक लिहून द्यायचा. तो काउंटरवर आला की चिठ्ठी पुढे करणारच. मुनीम क्रमांक बघतो, पान उघडतो, काम करतो. डोक्यात काही नाही, यादी नाही.

कर्नलमध्ये ही चिठ्ठी आधीपासूनच आहे. प्रत्येक उपकरणाची कर्नलकडे एक नोंद असते आणि ड्रायव्हरला कुठलंही काम सांगताना ती नोंद हातात दिली जाते. त्या नोंदीत एक रिकामी जागा ड्रायव्हरसाठी राखून ठेवलेली असते. तिच्यात ड्रायव्हरने आपल्या माहितीचा मेमरीतला पत्ता लिहायचा. अशा पत्त्याला पॉइंटर म्हणतात आणि ६४-बिट यंत्रावर तो ८ बाइटचा असतो. पुढच्या वेळी त्याच उपकरणासाठी बोलावणं आलं की पत्ता काढायचा. 'ड्रायव्हरच्या खासगी माहितीची साठवण सोपी करणे' म्हणून जे बदल येतात, त्यातले पुष्कळसे एवढंच करतात: सामाईक चल किंवा स्वतःची यादी काढून टाकायची आणि या तयार जागेचा वापर करायचा. बदलात कमी झालेल्या ओळी जास्त आणि वाढलेल्या थोड्या असतात.

ही कल्पना लिनक्सपुरती नाही. विंडोजमध्ये उपकरणाची नोंद तयार करतानाच ड्रायव्हर सांगतो की मला शेजारी इतकी जागा जोडून द्या. फ्रीबीएसडी या आणखी एका ऑपरेटिंग सिस्टीममध्येही अशीच सोय आहे, 'सॉफ्टसी' नावाची. नावं वेगळी, चिठ्ठी तीच.

## पाच वर्षांनी माघार

हा सगळ्यांत मजेचा भाग. कारण 'सोपं करणं' म्हणजे काय यावर खुद्द कर्नलवाल्यांचाही अंदाज चुकला होता.

ती राखीव जागा आधी उपकरणाच्या नोंदीत उघडी होती. कुणीही थेट हात घालू शकायचं. २००९ मध्ये ठरलं की हे बरं नाही. म्हणून ती जागा एका आतल्या कप्प्यात हलवली, बाहेरच्यांना फक्त 'पत्ता ठेव' आणि 'पत्ता काढ' अशी दोन दारं. कागदावर फारच नीटनेटकं.

अडचण कप्प्यात होती. तो प्रत्येक नोंदीबरोबर आधीपासून नसायचा, गरज पडेल तेव्हा मेमरी मागून तयार व्हायचा. म्हणजे चिठ्ठीवर क्रमांक लिहायच्या ऐवजी मुनिमाने आधी पाकीट विकत आणायचं आणि क्रमांक त्यात घालायचा. दुकानात पाकीट नसेल तर? मेमरी मिळाली नाही तर 'पत्ता ठेव' हे साधं कामही फसणार. २०११ मध्ये त्याची कबुली म्हणून त्या दारातून 'झालं' किंवा 'फसलं' असा निरोप परत यायची सोय केली. आता शेकडो ड्रायव्हरांपैकी किती जण तो निरोप वाचत होते? जवळजवळ कुणीच नाही. इतकं क्षुल्लक काम फसेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

वर आणखी एक भानगड. एखादं उपकरण पुरतं नोंदवलं जाण्याआधीच काम अडलं, तर त्याच्यासाठी आणलेला कप्पा परत कोण करणार? कुणीच नाही. तेवढी मेमरी यंत्र बंद होईपर्यंत अडकून पडायची.

२०१४ मध्ये ती जागा उपकरणाच्या नोंदीत परत आणली. दारं ठेवली, कप्पा गेला. 'पत्ता ठेव' आता फसूच शकत नाही, त्यामुळे परतीचा निरोपही काढून टाकला. माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यांत मोलाचा बदल हाच. चूक हाताळणारा कोड सुधारण्यापेक्षा चूक व्हायची जागाच काढून टाकली.

## आवरायचं कुणी?

नोंद ठेवणं अर्धं काम. उपकरण काढल्यावर ती आवरणं उरलेलं अर्धं, आणि घोळ तिथेच जास्त होतात.

पूर्वी प्रत्येक ड्रायव्हरने निघताना स्वतः राखीव जागा पुसायची असायची. बरेच जण विसरायचे. मग पुढचा ड्रायव्हर त्याच उपकरणाला लागला की त्याला आधीच्याचा शिळा पत्ता सापडायचा. २०१२ मध्ये कर्नलनेच हे अंगावर घेतलं: ड्रायव्हर सुटला किंवा सुरुवातीलाच अडखळला की कर्नल ती जागा कोरी करणार. त्यानंतर २०१३ मध्ये ड्रायव्हर-ड्रायव्हरमधून ती पुसायची ओळ काढून टाकणाऱ्या बदलांची रांगच लागली. एकेक ओळीचे बदल. वाचायला कंटाळवाणे, पण प्रत्येकाने एक 'विसरण्याची जागा' कमी केली.

मेमरीचंही तसंच. ड्रायव्हर सुरू होताना पाच-सहा गोष्टी मागून घेतो: मेमरी, इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला हाक मारायची सोय), घड्याळ. चौथी मिळाली नाही तर आधीच्या तीन उलट्या क्रमाने परत करायच्या. हा परतीचा कोड क्वचितच चालतो, म्हणून क्वचितच तपासला जातो आणि म्हणून हमखास चुकतो. २००७ मध्ये आलेल्या सोयीमुळे ड्रायव्हरने मागितलेली वस्तू उपकरणाच्या नावावरच मांडली जाते आणि ड्रायव्हर सुटताना कर्नल सगळं आपोआप परत घेतो, उलट्या क्रमानेच. कितीतरी ड्रायव्हरांतला आवराआवरीचा भाग यामुळे जवळजवळ संपला.

काही ठिकाणी तर वेगळी मेमरी मागावीच लागत नाही. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर कर्नलकडे कार्डाची नोंद मागताना 'शेपटीला माझ्यासाठी इतकी जागा जोडा' असं सांगतो. एकाच मागणीत दोन्ही. एकच मिळणार, एकच परत जाणार.

आणखी एक युक्ती सांगायला हवी, कारण नवशिक्याला ती जादू वाटते. कधी कधी कर्नल ड्रायव्हरला पूर्ण पानाचा पत्ता न देता त्यातल्या एका रकान्याचाच देतो. पण पान ड्रायव्हरनेच आखलेलं असतं. तोलाईचा रकाना वरून सातवी ओळ, हे मुनिमाला पाठ आहे. बोट तोलाईवर असेल तर सहा ओळी वर सरकलं की पानाचं डोकं. नुसती वजाबाकी. त्यामुळे दुसरीकडे वेगळा पत्ता जपून ठेवायची गरजच उरत नाही.

## 'चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?'

मराठवाड्यात मोटार दुरुस्त करणाऱ्यापासून इंजिनिअरपर्यंत सगळे हे म्हणतात आणि ते चूक नाही. साफसफाईच्या नावाखाली चालता ड्रायव्हर मोडल्याचे प्रकार झालेत. असा बदल करणाऱ्याकडे पुष्कळदा ते जुनं उपकरण नसतं, तो फक्त कोड बघून बदलतो. म्हणून कर्नलमध्ये आधी चालत असलेली गोष्ट बदलाने मोडली तर बदल मागे घ्यायचा, असा दंडक आहे. टोरवाल्ड्स यावर कधीच ढिले पडलेले नाहीत.

पण 'चालतंय' म्हणजे एका काट्यावर चालतंय, की दोन्हींवर? केबल चालू कामात उपटली तरी? लॅपटॉप झोपवून उठवला तरी? जुन्या मांडणीत या प्रश्नांची उत्तरं कोड पूर्ण वाचल्याशिवाय देता येत नाहीत. सगळे ड्रायव्हर एकाच पद्धतीने नोंद ठेवू लागले की न पाहिलेला ड्रायव्हरही वाचता येतो. कुठे शोधायचं ते माहीत असतं.

## मग सगळं आपोआप परत करणं सुरक्षित?

नाही, आणि इथे बरेच जण फसतात. 'आपोआप परत' हे ऐकून ड्रायव्हर लिहिणारा निर्धास्त होतो.

वजनाचा प्रोग्राम चालू आहे, काटा जोडलेला आहे आणि कुणाचा तरी पाय केबलमध्ये अडकून ती निघते. कर्नलच्या दृष्टीने उपकरण गेलं. ड्रायव्हर सुटला, त्याची मेमरी परत. पण वजनाच्या प्रोग्रामने ते उपकरण फाइलसारखं उघडून धरलेलं आहे, त्याने अजून सोडलेलं नाही. पुढच्या क्षणी तो वाचायला येतो. ड्रायव्हरने काळजी घेतली नसेल तर तो त्या परत गेलेल्या मेमरीत शिरतो. शेतकरी गेला म्हणून पान फाडून टाकलं आणि मापाडी अजून त्याच पानावर वजन मांडतोय, अशी गत. ती जागा तोवर दुसऱ्या कुणाला दिलेली असू शकते. कर्नलमधल्या सुरक्षेच्या भगदाडांपैकी फार मोठा वर्ग नेमका याच जातीचा: परत केलेल्या मेमरीचा वापर. हल्लेखोर ती रिकामी जागा स्वतःच्या माहितीने भरतो आणि कर्नलला ती जुनी नोंद समजून वाचायला लावतो.

याचा उपाय म्हणजे मोजणी. नोंद किती जणांनी धरून ठेवलीय ते मोजायचं आणि शेवटचा सुटेपर्यंत मेमरी सोडायची नाही. म्हणजे जी माहिती उपकरण गेल्यावरही कुणीतरी विचारू शकतं, ती उपकरणाच्या आयुष्याशी बांधायची नाही. सोपेपणाच्या भरात हा फरक विसरला की आधीचा क्लिष्ट कोडच बरा होता म्हणायची पाळी येते. कर्नलमध्ये यावर आजही मतभेद आहेत आणि ते रास्त आहेत.

## यात आपल्या पोरांना काय?

लिनक्समध्ये 'स्टेजिंग' नावाचा एक कोपरा आहे. अजून नीट न बसलेले ड्रायव्हर तिथे ठेवलेले असतात आणि अनेकांच्या शेजारी काय करायचं बाकी आहे याची यादी लिहिलेली असते. सामाईक चल काढणं, नोंद उपकरणाला बांधणं ही कामं सुरुवात करणाऱ्याला झेपतात. नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेत किंवा छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठ परिसरातल्या नायलिट या सरकारी संस्थेत शिकणाऱ्या मुलाला त्यासाठी महाग यंत्र लागत नाही. साधा लॅपटॉप, सी भाषा आणि पाठवलेला बदल तपासणाऱ्याने तीनदा परत पाठवला तरी न चिडण्याची तयारी पुरते. फक्त हातात ते हार्डवेअर नसताना नोंदीच्या आयुष्याचे नियम बदलायला जाऊ नये. सीएच-३४० ची केबल मात्र कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात स्वस्तात मिळते, तेव्हा ती उपटून-लावून बघायला काहीच हरकत नाही.

## दोन काट्यांचे आकडे उलटे येतात, तो ड्रायव्हरचा दोष?

बहुतेक वेळा नाही. एका काट्याचं वजन दुसऱ्याच्या खिडकीत दिसतं तेव्हा ड्रायव्हरने दोन्ही नोंदी वेगळ्याच ठेवलेल्या असतात. घोळ नावांचा असतो. लिनक्स जोडणीच्या क्रमाने केबलींना शून्य, एक असे क्रमांक देतो. वीज जाऊन आली आणि यंत्र उठताना दुसरी केबल आधी सापडली तर क्रमांक बदलतात. महाग केबलच्या चिपमध्ये कारखान्यातून आलेला स्वतःचा अनुक्रमांक असतो, त्यावरून ओळख पटवता येते. सीएच-३४० मध्ये सहसा तो नसतो, दोन्ही केबली कॉम्प्युटरला जुळ्या दिसतात. मग ओळखायला एकच खूण उरते: कोणत्या भोकात लावलीय ती. लिनक्सच्या यंत्रावर उपकरणांच्या फोल्डरात 'सिरियल' आणि त्यात 'बाय-पाथ' या नावाखाली त्या जागेनुसारचं नाव मिळतं. वजनाच्या प्रोग्रामला शून्य-एक न सांगता ते नाव द्यावं, दोन्ही यूएसबी भोकांजवळ आणि दोन्ही केबलींवर स्केचपेनने १ आणि २ लिहावं, आणि झाडलोट करणाऱ्याने केबल काढली तर ती त्याच आकड्यावर परत लावायला सांगावं.